अरुंधतीला गाता येत होतं

नेहरूनगरला एका घरी दर रविवारी दुपारी आम्ही दहा-बारा जणी दर्ससाठी जमतो. दर्स आटोपला, दुआ झाली, की चहा येतो आणि चहाबरोबर घरोघरच्या गप्पा. त्या रविवारी तलाकच्या आयतींवर बोलणं झालं होतं. चहा आला तरी विषय तिथेच घोटाळत राहिला आणि बघता बघता टीव्हीवर गेला.

आधी कोणीच कबूल करेना. "आमच्याकडे मालिका कोणी बघत नाही," असं सगळ्यांनी सांगून झालं. मग एकीने अरुंधतीचं नाव काढलं आणि प्रत्येकीला सगळी गोष्ट तोंडपाठ निघाली! कोणी सासूच्या खोलीत बसून बघितलेली, कोणी मोबाइलवर, कोणी भाकऱ्या थापता थापता नुसती ऐकलेली.

‘आई कुठे काय करते’ ही मालिका २३ डिसेंबर २०१९ ला स्टार प्रवाहवर सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. गोष्ट मूळची बंगाली, ‘श्रीमोयी’. हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. पंचवीस वर्षे घरासाठी राबलेली अरुंधती. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सुमारास तिला कळतं की नवऱ्याचं, अनिरुद्धचं, दुसऱ्या बाईशी नातं आहे. पुढे घटस्फोट होतो. मग ती स्वतःच्या पायावर उभी राहते, मागे पडलेलं गाणं पुन्हा हाती घेते, आणि काही काळाने जुन्या मित्राशी, आशुतोषशी, लग्नही करते. मधुराणी प्रभुलकर यांनी ही भूमिका केली. नाव देशमुखांचं, घर ब्राह्मणी वळणाचं, पण गोष्ट कुठल्या मोहल्ल्यात घडत नाही? म्हणून तर आपल्याकडेही ती इतकी बघितली गेली.

कौतुक चाललं होतं. "काय हिंमत दाखवली बाईने!" "माझी अम्मी तर रडायची बघून." कोपऱ्यात बसलेली एक भगिनी तोवर गप्प होती. तिचं नाव आम्ही इथे देत नाही. चाकणच्या एका कारखान्यात ती कामाला आहे आणि सहा वर्षांपूर्वी तिचा तलाक झाला आहे. कप खाली ठेवत ती म्हणाली, "आपा, अरुंधतीला गाता येत होतं. मला काय येत होतं?"

कोणी काही बोललं नाही. चहा संपला, आम्ही उठलो. पण ते वाक्य काही आमच्याबरोबरून उठेना, म्हणून या महिन्याचं पान त्याच वाक्याला दिलं आहे.

मालिकेने चांगलं काय केलं, ते आधी सांगायला हवं. मराठी घराघरांत ‘तलाक झालेली बाई’ म्हणजे संपलेली बाई, ही समजूत तिने थोडी तरी हलवली. अप्पांसारखा सासरा दाखवला, जो मुलगा चुकला म्हणून सुनेच्या मागे उभा राहतो. आपल्याकडच्या किती सासऱ्यांनी ते दृश्य मान खाली घालून बघितलं असेल, अल्लाहलाच माहीत. पण मालिकेची एक अडचण असते. तिला रडणं दाखवता येतं, जिंकणं दाखवता येतं. या दोहोंच्या मधली खोलीभाड्याची तारीख दाखवायला तिच्याकडे वेळ नसतो.

काही वाचक भगिनींना ‘जिंदगी गुलजार है’ आठवत असेल. पाकिस्तानच्या हम टीव्हीची ही सव्वीस भागांची मालिका २०१४ मध्ये जिंदगी वाहिनीवरून आपल्याकडे आली. सगळ्यांना तिच्यातले कशफ आणि जारून लक्षात राहिले, आम्हाला मात्र कशफची आई रफिया. मुलगा हवा म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि ही तीन मुलींसह मागे राहिली. कागदावर तलाक नव्हता, पण टाकणंच होतं ते. रफियाने तिन्ही मुली शिकवल्या. कशाच्या बळावर? ती शाळेत शिकवत होती.

म्हणजे बघा, अरुंधतीकडे गाणं होतं आणि रफियाकडे शाळा. आयुष्य पुन्हा उभारायचं तर उभारायला हातात काहीतरी लागतं. नुसत्या हिमतीवर भिंत उभी राहत नाही, विटा लागतात.

आता आमच्या भगिनीच्या हातात काय होतं, ते ऐका.

माहेर लातूरकडचं. आपल्या पिंपरी-चिंचवडची ही खासियतच आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग एमआयडीसी, मग भोसरी, आकुर्डी, आणि आता चाकण. कामाच्या मागे मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून माणसं आली, त्यांत आपलीही आली. दोन खोल्यांत संसार थाटले. पण संसार मोडला तर धावत जावं असं माहेर शेजारच्या गल्लीत नाही, रात्रभराच्या प्रवासावर आहे. हिचं शिक्षण दहावी. मुलगी चार वर्षांची. नवऱ्याने बाहेर दुसरं घर केलेलं. दोन वर्षे बैठकांवर बैठका झाल्या, आणि शेवटी चार लोकांसमोर तलाक झाला.

निकाहनाम्यात मेहर अकरा हजार होता, तोही उधार. त्या शेवटच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "बेटी, मेहर माफ कर आणि विषय संपव." तिने माफ केला. त्या बैठकीला आमच्या घरचेही हजर होते. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्हीही म्हणालो, "बरं झालं, शांततेत मिटलं." कोणाची शांतता, हा प्रश्न तेव्हा आम्हाला सुचला नाही.

पुढे महिन्याभरात ती आमच्याकडे आली. "आपा, तुमची वरची खोली रिकामी आहे ना? भाडं वेळेवर देईन." आम्ही म्हणालो, "बघतो." घरात चर्चा झाली. एकटी बाई, लहान मुलगी, लोक काय म्हणतील, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? तीन दिवसांनी आम्ही ती खोली कंपनीत ट्रेनी म्हणून लागलेल्या चार पोरांना दिली. त्यांचे मित्र रात्री बारापर्यंत येत-जात असत. त्याबद्दल मोहल्ल्यात कोणी अवाक्षर काढलं नाही.

ही आमची चूक इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते दुसऱ्यांना उपदेश म्हणून सांगण्याचा हक्क आम्हाला नाही.

तिला खोली मिळाली चिखलीत, पत्र्याची. घरमालकाने विचारलं, "मालक काय करतात?" ती म्हणाली, "बाहेरगावी असतात." खोटं बोलल्याची रुखरुख तिला अजून आहे. ते खोटं तिच्या तोंडी कोणी घातलं, याचा विचार आपण करायला हवा.

काम मिळालं ठेकेदारामार्फत. गाड्यांचं वायरिंग असतं ना, त्या तारा बोर्डावर मांडून, टेप गुंडाळून, जुडी बांधायची. पहिली पाळी असली की पहाटे चारला उठायचं, डबा करायचा, झोपेतली मुलगी शेजारणीच्या हवाली करायची आणि पावणेसहाला नाशिक रस्त्यावर कंपनीची बस पकडायची. हिवाळ्यात फजर बसमधल्या सीटवरच. संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात गाड्या तुंबल्या की घरी पोहोचायचा नेम नाही. पहिल्या दिवशी पीएफचा फॉर्म भरताना वैवाहिक स्थितीचे चौकोन आले. विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित. पेन हातात घेऊन ती कितीतरी वेळ तशीच बसली होती. मग खूण केली. खाली वारसाच्या रकान्यात मुलीचं नाव लिहिलं. "आपा, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की घराची मोठी आता मीच," असं ती सांगते.

हे मालिकेत येत नाही. पण चिखली, मोशी, कुरुळी, म्हाळुंगे, निघोजे या पट्ट्यात तलाकनंतरचं आयुष्य असंच उभं राहतं, पाळीपाळीने.

आता एक जुनी गोष्ट. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या खालांचा प्रसंग आहे. त्यांचा तलाक झाला होता, इद्दत चालू होती. त्यांना आपल्या झाडांचे खजूर तोडायला जायचं होतं. वाटेत एका माणसाने त्यांना दटावलं, अशा दिवसांत घराबाहेर कशा पडता म्हणून. त्या थेट रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्याकडे गेल्या. आपण त्यांना जाऊ दिलं, खजूर तोडायला सांगितलं. त्यातून त्या दानही करतील, भलं काम करतील, अशी आशाही व्यक्त केली.

किती वेळा वाचला असेल आम्ही हा प्रसंग! चाकणच्या भगिनीचं वाक्य ऐकल्यावर त्यातलं एक मात्र नव्याने दिसलं. खालांकडे स्वतःची झाडं होती. तलाक झाला तरी झाडं त्यांचीच होती. आणि त्यांच्याकडे कीव करायची बाई म्हणून नाही, तर उद्या दान देऊ शकणारी बाई म्हणून पाहिलं गेलं. दटावणारा माणूस मात्र आजही आपल्या प्रत्येक गल्लीत उभा आहे. कधी कधी तो आपल्याच घरात असतो.

इद्दतीचंही असंच. सूरह तलाकमध्ये स्पष्ट हुकूम आहे की इद्दतीत बायकांना घराबाहेर काढू नका, ऐपतीप्रमाणे आपण राहता तिथेच त्यांना ठेवा. आपल्याकडे काय होतं? पहिल्याच रात्री रिक्षा बोलावली जाते. बॅग तिची, पोरं तिची, रस्ता तिचा. ज्या काळात डोक्यावर छत राहावं म्हणून अल्लाहने हुकूम दिला, त्याच काळात ती बेघर होते, आणि वर आपण तिलाच विचारतो की इद्दत नीट पाळतेस ना?

मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. बैठकीत बसलेल्यांना ते माफ करवून घेण्याचा अधिकार नाही. दिलेला माल परत घेऊ नका, ढीगभर दिला असला तरी, अशी ताकीद सूरह निसामध्ये आहे. शिवाय तलाक दिलेल्या बायकांना रीतीप्रमाणे काही द्यावं, हे परहेजगारांवर कर्तव्य म्हणून सूरह बकरहमध्ये सांगितलं आहे. तिच्या बैठकीत या आयतींची आठवण कोणालाच झाली नाही. ‘सबर कर’ मात्र सगळ्यांनी सांगितलं. सबर सांगणं फुकट असतं, मेहर द्यायला पैसे लागतात.

देशाचा कायदाही या बाबतीत तिच्या बाजूने आहे, पण आपल्या बायकांपर्यंत तो पोहोचत नाही. एका दमात तीनदा दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ ला रद्दबातल ठरवला. त्याआधीच, २००२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने सांगितलं होतं की ‘मी तलाक दिला’ एवढं म्हणून भागत नाही. कारण आणि समेटाचे प्रयत्न सिद्ध करावे लागतात. १९८६ च्या कायद्याप्रमाणे मेहर, लग्नात मिळालेल्या वस्तू आणि पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद हा तिचा हक्क आहे. ही तरतूद इद्दतीच्या मुदतीत द्यायची, पण ती तीन महिन्यांपुरती नाही, पुढच्या सगळ्या आयुष्याचा विचार करून द्यायची, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये लावला. १० जुलै २०२४ च्या निकालाने हेही स्पष्ट झालं की इतर बायकांप्रमाणे तिला फौजदारी संहितेखालीही पोटगी मागता येते. आपल्या कोकणातलंच एक प्रकरण, चिपळूण आणि खेडच्या न्यायालयांतून वर गेलेलं. त्यात जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की बाईने दुसरा निकाह केला म्हणून १९८६ च्या कायद्याखालचा तिचा हक्क बुडत नाही. वकिलाच्या पैशांची धास्ती वाटत असेल तर लक्षात ठेवा, विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. आमच्या भगिनीकडे तलाकचा धड कागदच नव्हता. चार लोकांच्या तोंडी झालेला तलाक चारही लोक विसरून गेले. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोटित बाईला महिना १,५०० रुपये मिळू शकतात. बाल संगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलासाठी महिना २,२५० रुपये आहेत. दोन्हींना अटी आहेत आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न कागदाचा. लाडकी बहीण योजनेत पती किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी आली तेव्हाही अशाच बायका आधी अडकल्या. म्हणून तलाक असो की खुला, तारीख, मेहरचा हिशेब, मुलांचा ताबा आणि खर्च लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन कागद करा. एवढ्यावर कचेरीत काम अडलं, तर कौटुंबिक न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीची घोषणा मिळवता येते. बैठकीला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे: मेहर हातात पडल्याशिवाय आणि कागद झाल्याशिवाय बैठकीतून उठू नका.

तिसरी गोष्ट दुसऱ्या निकाहची. अरुंधतीने दुसरं लग्न केलं तेव्हा मालिकेतल्या सासूला ते पटलं नाही आणि बघणाऱ्यांतही दोन तट पडले. आपल्याकडे तर हा प्रश्नच पडायला नको. इद्दत संपल्यावर तिला निकाहपासून अडवू नका, असा हुकूम आहे. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचा आधी तलाक झालेला होता, आणि त्या उम्मुल मोमिनीन झाल्या. पण आपल्या मध्यस्थांच्या वहीत तलाकवाल्या पुरुषासाठी कुंवारी मुलगी शोधली जाते, आणि तलाकवाल्या बाईसाठी पन्नाशीतला विधुर. आमच्या भगिनीला एक स्थळ आलं होतं. अट होती मुलीला माहेरी ठेवायची. तिने नकार दिला. चार जणींनी तिलाच नावं ठेवली. निकाह करणं जसं तिच्या हातात आहे, तसं न करणंही तिच्याच हातात आहे, हे आपण विसरतो.

आता पुन्हा तिच्या वाक्याकडे. मला काय येत होतं, असं तिने विचारलं. ते तिचं अपयश नव्हतं. दहावीनंतर "पुढे शिकून काय करायचंय" म्हणून तिची शाळा थांबवणारे आपणच होतो. आजही थांबवतो. मोरवाडीला महापालिकेचं आयटीआय आहे, कासारवाडीला मुलींसाठी वेगळं आहे. टाटा मोटर्सच्या इथल्या कारखान्यात मोठ्या गाड्या जोडणारी सगळी लाईन बायकांची आहे. दारात एवढं असताना आपल्या मुलीच्या हातात कला, हुनर, प्रमाणपत्र काही नसावं? तलाक व्हावा अशी तयारी कोणी करत नाही, करूही नये. खालांनी झाडं लावली ती तलाकच्या भीतीने नव्हे. पण ती होती म्हणून वाईट दिवसांत उपयोगी पडली. मेहर निकाहच्या दिवशी रोख द्या आणि तिच्या नावच्या खात्यात ठेवा. वडिलांच्या मिळकतीतला तिचा शरीअतने ठरवलेला हिस्सा भावांनी ‘बहिणीने सोडला’ म्हणून गिळू नका. मुलीची झाडं म्हणजे हीच.

तिची मुलगी यंदा पाचवीत आहे. आई आता लाईनवर नव्या मुलींना काम शिकवते. ठेकेदाराकडून मध्येच ब्रेक मिळतो तेव्हा दोन-तीन महिने शिलाईवर काढते. शिलाई ती कधी शिकली, विचारलं तर हसून म्हणाली, "बसमध्ये, मोबाइलवर बघून." पाच वर्षांच्या मालिकेत मावलं नसतं एवढं तिने सहा वर्षांत केलं आहे, आणि पार्श्वसंगीत नव्हतं.

गेल्या रविवारी निघताना आम्ही तिला थांबवलं आणि त्या खोलीबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या आपा, मी तर विसरलेही होते." विसरली नव्हती. डोळ्यांत दिसत होतं.

वरची खोली पुढच्या महिन्यात रिकामी होते आहे. दर्सला येणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे: एकटी बाई असेल, मुलं असतील, तर आधी तिला विचारा. घरमालकाला खोटं सांगावं लागणार नाही. तुमच्याही घरावर अशी एखादी खोली असेल, तर या महिन्यात तिचा विचार करा.